गाठ कुठे बसते?

शाळा कुठे असावी हा गणिताचा प्रश्न आहे, असं माझ्या मुलीचं म्हणणं. माझ्या भावाच्या मते गणिताचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही. दादा वेल्हे तालुक्यात (कागदोपत्री आता राजगड तालुका) शिक्षक होता आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाला. मुलगी ऑपरेशन्स रिसर्चमध्ये आहे. गोदामं, वितरण केंद्रं, रुग्णवाहिकांचे थांबे कुठे ठेवले तर कमीत कमी धावपळीत काम भागेल, याची गणितं मांडणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग.

दोघांची जुंपली ती समूह शाळांवरून. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा होत्या १४,७८३. त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. नमुना म्हणून नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुण्याजवळच्या पानशेतचं नाव घेतलं गेलं. पानशेतचा परिसर दादाच्या पायाखालचा, त्यामुळे तो तटस्थ नाही. मीही नाही; एकाची बहीण आणि दुसरीची आई आहे. जे ऐकलं ते थोडं आवरून लिहिते आहे, इतकंच.

भाची : मामा, साधा भागाकार करा. शाळेमागे साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. एवढा खर्च करून पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. दोनातला एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामाला गेला की चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात. कबड्डीला दोन संघ करायचे तर चौदा मुलं लागतात, तेवढीही नाहीत.

मामा : भागाकार मलाही येतो. पण साडेबारा मुलं कुठल्याच शाळेत नसतात. कुठे तीन असतात, कुठे एकोणीस. तीन पटाची शाळा डांबरी रस्त्याला असेल आणि दुसरी शाळा हाकेच्या अंतरावर असेल, तर कर की बंद, मी आडवा येणार नाही. पण तेवढ्याच पटाची शाळा धनगरवाड्यावर असली तर तिला हात लावू नकोस. तुझ्या भागाकाराला या दोन शाळा सारख्याच दिसतात.

भाची : म्हणूनच तर मॉडेल लागतं. भागाकाराला जागा कळत नाही, मॉडेलला कळते. वस्त्या कुठे आहेत, प्रत्येकीत मुलं किती, कुठल्या वस्तीपासून कुठली शाळा किती लांब, एवढं दिलं की ते सांगतं : समजा दहाच शाळा ठेवायच्या, तर कुठल्या दहा ठेवल्या म्हणजे सगळ्या मुलांची मिळून पायपीट सर्वांत कमी होईल. हाताने हे जमत नाही. शंभर वस्त्यांमधून दहा निवडायच्या तर सतरा लाख कोटींच्या वर जोडण्या होतात.

मामा : आणि त्यातली एक तुझं यंत्र काढून देतं. कशी काढतं ते सांग. मॉडेल म्हणतं म्हणून, हे उत्तर मी शिक्षणाधिकाऱ्यांकडून खूप ऐकलंय.

भाची : यंत्र नंतर येतं, आधी एक लाकडी फळी डोळ्यांसमोर आणा. आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९०९ साली कारखाना कुठे असावा यावर पुस्तक लिहिलं. कच्चा माल दोन ठिकाणांहून येतो, बाजार तिसरीकडे आहे, तर कारखाना कुठे उभारावा? त्याचं उत्तर फळीवर मिळतं. फळीवर नकाशा चिकटवायचा आणि प्रत्येक ठिकाणी भोक पाडायचं. प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडून तिला त्या ठिकाणच्या मालाच्या प्रमाणात वजन टांगायचं. वर सगळ्या दोऱ्या एका गाठीत बांधायच्या आणि गाठ सोडून द्यायची. ती सरकत सरकत जिथे थांबेल, तिथे वजन गुणिले अंतर यांची बेरीज सगळ्यात कमी असते. या फळीला व्हारिन्योंची चौकट म्हणतात. वजनांच्या जागी मुलं धरा आणि कारखान्याच्या जागी शाळा.

मामा : आणि एका भोकाखालचं वजन बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असलं तर?

माझी मुलगी थोडी थांबली. प्रश्न बरोबर जागी लागला होता.

भाची : तर गाठ सरळ त्याच भोकात जाऊन बसते.

मामा : म्हणजे मोठ्या गावात. मग फळी कशाला हवी? ते काम आमचे जिल्हा परिषद सदस्य विनाखर्च करायचे.

भाची : मामा, चेष्टा सोडा. कागद घ्या. एकच रस्ता धरू. त्याच्या सुरुवातीला खालचं गाव, मुलं चोवीस. तिथून दोन किलोमीटरवर मधली वाडी, मुलं नऊ. पाच किलोमीटरवर वरचा धनगरवाडा, मुलं चार. एकच शाळा ठेवायची आहे. खालच्या गावात ठेवली तर एका वेळची एकूण पायपीट किती? नऊ गुणिले दोन अठरा, चार गुणिले पाच वीस, मिळून अडतीस. मधल्या वाडीत ठेवली तर साठ. म्हणजे खालचं गाव. तिथे मुलामागे सरासरी एक किलोमीटर येते.

मामा : आणि धनगरवाड्याच्या चार पोरांना पाच किलोमीटर, तेही जातानाचं. येतानाचा चढ वेगळाच.

भाची : त्यासाठी दुसरं मॉडेल आहे. त्यात बेरीज बघायची नाही, सर्वांत लांबच्या मुलाचं अंतर कमीत कमी करायचं. त्याचं उत्तर येतं अडीच किलोमीटरवर.

मामा : अडीचवर काय आहे?

भाची : या उदाहरणात काहीच नाही, उघडा माळ. रस्त्यांच्या जाळ्यावर बेरीज कमी करायची असेल तर अशी मध्येच जायची कधीच गरज पडत नाही, कुठली तरी वस्ती किंवा रस्त्यांचा फाटा तितकंच चांगलं उत्तर देतो. हे हकीमी नावाच्या अभियंत्याने १९६४ साली सिद्ध केलं. तो टेलिफोनची स्विचिंग केंद्रं कुठे ठेवावीत ते शोधत होता. सर्वांत लांबच्याचं अंतर कमी करायला गेलात, तर मात्र उत्तर रस्त्याच्या मध्येच पडू शकतं.

मामा : टेलिफोनच्या तारेला चिखल लागत नाही. बरं, पुढे चल. तुझ्या दोन्ही मॉडेलांना कायदा माहीत आहे का? २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याचे नियम. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीनच्या आत. आज आपण प्राथमिकचं बोलतोय, म्हणजे एक.

भाची : एकाच शाळेत तो नियम पाळला जात नाही, कुठेही ठेवा. म्हणून दोन शाळा घेऊ. आता बघा गंमत. बेरजेचं मॉडेल म्हणतं : खालचं गाव आणि मधली वाडी. एकूण पायपीट फक्त बारा, पण ती सगळी धनगरवाड्याची, चार पोरं तीन किलोमीटर. कायद्याचं मॉडेल, ज्याला आम्ही व्याप्तीचं म्हणतो, वेगळं सांगतं. एक शाळा धनगरवाड्यावर आणि दुसरी खालच्या गावापासून एक किलोमीटरवर, दोन्ही गावांच्या बरोबर मधोमध.

मामा : म्हणजे पुन्हा माळावर.

भाची : पुन्हा माळावर. तेहतीस मुलं रोज एकेक किलोमीटर चालणार, एकूण पायपीट तेहतीस, पण कायद्याच्या तक्त्यात शंभर टक्के. कारण व्याप्तीच्या मॉडेलला आतला आणि बाहेरचा एवढंच कळतं. दहा मीटरवरचं मूल आणि नऊशे नव्वद मीटरवरचं मूल त्याला सारखंच. तसंच सव्वा किलोमीटरवरचं आणि आठ किलोमीटरवरचंही सारखंच, दोघंही बाहेर.

आम्ही शिकलो त्या गणितात उत्तर एकच असायचं आणि ते पुस्तकाच्या मागे छापलेलं असायचं. इथे आकडे तेच, रस्ता तोच आणि उत्तरं तीन. मुलीला यात वावगं काही दिसत नव्हतं. दादाला मात्र विजय मिळाल्यासारखं झालं, आणि तो त्याने घाईने साजरा केला.

मामा : म्हणजे ज्याला जे उत्तर हवं त्याने ते मॉडेल उचलायचं. आधी निर्णय, मग गणित. यालाच मी इतकी वर्षं नाही म्हणत आलो.

भाची : आणि गणित नसताना काय होत होतं? तुमच्याच केंद्रातल्या शाळांच्या जागा कशा ठरल्या ते सांगा.

दादा हसला. उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला, पण दिलं खरं.

मामा : बक्षीसपत्राने. ज्याने चार गुंठे फुकट दिले त्याच्या जमिनीत शाळा. आणि फुकट कोण काय देतो? पडीक. एक खोली ओढ्याच्या काठाला, दुसरी स्मशानाच्या वाटेवर, तिसरी देणाऱ्याच्या घरासमोर, म्हणजे झेंडावंदनाला खुर्ची पहिली त्याची. मुलं कुठून येतात हे कोणी विचारलं नाही.

भाची : मग? मॉडेल उचलणाऱ्याला निदान लिहून द्यावं लागतं की मी बेरीज कमी करतोय, लांबच्या मुलाचं अंतर नाही. सह्या होतात, कागद राहतो. कोणी विचारलं तर तिन्ही उत्तरं शेजारी मांडून दाखवता येतात. बक्षीसपत्रात तुम्ही काय दाखवणार?

मामा : हे मान्य. पण अंतर कुठून आणणार तू? नकाशावरून?

भाची : रस्त्यांच्या जाळ्यावरून. सरळ रेषेने मोजत नाही आम्ही.

मामा : पानशेतचं आणि वरसगावचं पाणी माहीत आहे ना तुला? समोरच्या काठावरचं घर दिसतं, तिथला कुत्रा भुंकला तरी ऐकू येतं, आणि रस्त्याने जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा. तुझं जाळं तो वळसा मोजेल, ठीक. पण आमची पोरं रस्त्याने जातच नाहीत, पायवाटेने जातात. जूनमध्ये ओढा फुगला की तीच वाट सप्टेंबरपर्यंत बंद. भातखाचरांतून जायचं तर बांध निसरडे. तेव्हा मला एक तक्ता नको, दोन हवेत, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. आणि किलोमीटरमध्ये नको, मिनिटांमध्ये दे.

भाची : दोन तक्ते करता येतील. दोन्ही ऋतूंत टिकेल असं उत्तर शोधा, असंही मॉडेलला सांगता येतं. मिनिटांसाठी टोब्लर या भूगोलतज्ज्ञाचं सूत्र आहे. चढ-उतारावरून चालण्याचा वेग काढतं. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, अगदी हलक्या उतारावर सहा, तीव्र चढाला आणि तीव्र उताराला दोन्हीकडे वेग कमी. त्यामुळे जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ आपोआप वेगळा येतो.

मामा : कोणाच्या चालीवरून काढलं ते सूत्र?

भाची : इम्होफ नावाच्या स्विस नकाशाकाराच्या आकड्यांवरून.

मामा : सहा वर्षांच्या पोरीला पाठीला दप्तर लावून ताशी पाचने चालवून दाखव. मधे करवंदाची जाळी लागते, तिला तुझ्या सूत्रात काय जागा आहे? आणि तिची मोठी बहीण सोबत असेल तरच ती निघते. बहीण सहावीला गेली, शाळा बदलली, की धाकटीचं जाणं संपतं. अंतर तेवढंच राहतं, पण मूल घरी.

इथून बोलण्याचा सूर बदलला. तोपर्यंत दोघं एकमेकांना चिमटे काढत होती. यानंतर दादाने जे मांडलं ते मला आजच्या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते त्याने तिच्याच कागदावर मांडलं.

मामा : तुझं पहिलं उदाहरण घे. एकच शाळा, खालच्या गावात. एकूण पायपीट अडतीस. आता पहिल्याच पावसाळ्यात धनगरवाड्याची चार पोरं यायची थांबली. अडतीसचं काय झालं?

भाची : अठरा.

मामा : आणि सरासरी?

भाची : तेहतीस मुलांना अठरा. अर्ध्या किलोमीटरच्या थोडी वर.

मामा : म्हणजे चार मुलं शाळेतून गेली आणि तुझा आकडा निम्म्याने सुधारला. पुढच्या वर्षीच्या अहवालात लिहिणार : विद्यार्थ्यांचं शाळेपासूनचं सरासरी अंतर कमी झालं. खोटं एक अक्षर नाही त्यात.

भाची : पट घेतला तर असं होतं. पट हा आकडाच घ्यायचा नाही. वस्तीत त्या वयाची मुलं किती, तो घ्यायचा. आणि न आलेल्या मुलाला दंड लावायचा. म्हणजे मॉडेलमध्ये असं लिहायचं की प्रत्येक न पोहोचलेल्या मुलामागे एकूण पायपिटीत इतके किलोमीटर मिळवा. मग ते मॉडेल लांबच्या मुलांना टाकून सुटका करून घेऊ शकत नाही.

मामा : किती मिळवायचे? वीस? दोनशे? त्या पोरीची किंमत किलोमीटरमध्ये कोण ठरवणार, तू?

भाची : मी नाही. पण आज ती किंमत शून्य आहे, मामा. कोणी तसं म्हणत नाही, कुठे लिहिलेलं नाही, तरी शून्यच आहे. मी ती रकान्यात लिहायला लावते आहे. शून्य लिहायचं असेल तर अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने शून्य लिहावं.

दादाकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. शिक्षणाला किंमत नसते असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ती बहुतेक वेळा शून्यच धरलेली असते, हे मीही आजवर पाहिलं आहे. पण तिचं म्हणणं पूर्ण पटलं असंही नाही. रकान्यात शून्य लिहायला हात कचरणारे अधिकारी गृहीत धरूनच ती बोलत होती.

भाची : आणि समूह शाळेत मुलं चालणार नाहीत, बस येणार. ते तुम्ही धरतच नाही.

मामा : धरतो की. बस आली की तुझा प्रश्नच बदलला. शाळा कुठे हा मुद्दा मागे पडला, बस कुठून कुठे हा पुढे आला. जे मूल पहिलं चढतं ते सगळ्यात जास्त वेळ गाडीत. ते कुठलं? सगळ्यात लांबच्या वस्तीचं. शाळा साडेदहाची असली तरी त्याला नऊला फाट्यावर यावं लागतं, आणि वाडीपासून फाटा पुन्हा पायीच. शिवाय बस हा करार आहे. बिल अडकलं, चालक आला नाही, घाटात दरड आली, की तीस पोरं एकदम घरी. पूर्वी एक गुरुजी आला नाही तर सात घरी राहायची.

भाची : सर्वांत लांबचा प्रवास चाळीस मिनिटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी अट घालता येते. पण एक विचारते. त्या बसमधून उतरल्यावर मुलाला वर्गागणिक शिक्षक मिळतो, खेळाचा शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा मिळते. सात मुलांच्या शाळेत ते कधीच येणार नाही. त्याचं मोल तुम्ही शून्य धरताय.

मामा : नाही धरत. चौथीनंतरच्या मुलाला मीही बसमध्ये बसवीन, आनंदाने. पहिली-दुसरीचं मूल वाडीतच शिकावं. त्याच्या आईला शाळेत हाक मारता आली पाहिजे. म्हणूनच २००० च्या सुमारास सरकारने वस्तीशाळा काढल्या होत्या ना? मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळा वस्तीपर्यंत. पुढे त्यांच्या नियमित शाळा झाल्या. त्यातल्याच कितीतरी आता तुमच्या वीसच्या यादीत आहेत. पंचवीस वर्षांत गाठ एकदा वर गेली आणि एकदा खाली आली.

भाची : पहिली-दुसरी वस्तीत आणि पुढचे वर्ग समूह शाळेत, ही मांडणी मॉडेलमध्ये बसते. दोन पातळ्यांच्या शाळा. वैद्यकीय सेवेत अशीच असते : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे उपकेंद्र, वीस हजारांमागे प्राथमिक केंद्र. मैदानात तेच पाच हजार आणि तीस हजार. म्हणजे डोंगरात निकष सैल करायचा हे सरकारने आरोग्यात मान्य केलंच आहे. शाळेच्या पटाला मात्र वीस म्हणजे वीस, कोकणकड्यावरही आणि बारामतीतही.

मामा : हे लिही. हे तुझ्या अहवालात पहिल्या पानावर लिही. आणि आणखी एक. शाळा बंद करणं आणि उघडणं हे सारखं धरू नकोस. बंद झालेली परत उघडलेली मी पाहिली नाही. पत्रे जातात, दारं जातात, खोलीत गवत भरतात. बसच्या करारात किती वर्षं लिहिली आहेत ते आधी विचार. तीन असली तर तुझं मॉडेल तीनच वर्षांचं चालव, पुढचं गृहीत धरू नकोस.

भाची : बंद करण्याचा खर्च वेगळा धरता येतो. पण मग मला चौथ्या, पाचव्या वर्षीची मुलं लागतील. ती कुठून आणू? जनगणना २०११ ची आहे.

मामा : चौथ्या वर्षी पहिलीत येणारी पोरं आज दोन-तीन वर्षांची आहेत. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्यांची नावं आहेत. सेविकांकडून मी आणतो. पण पत्त्यात गावाचं नाव घालू नकोस, वस्तीचं घाल. गावाच्या नावावर नोंदलं की वरच्या धनगरवाड्याचं मूलही शाळेपासून शून्य किलोमीटरवर दिसतं.

भाची : वस्त्यांचे बिंदू महसुली नकाशात मिळत नाहीत. सेविकांच्या फोनवर लोकेशन घेता येईल का? एकेका घराचं नको, वस्तीच्या मधल्या घराचं चालेल.

मामा : रेंज नाही तिथे.

भाची : जीपीएसला रेंज लागत नाही. फोन दारात धरायचा, आकडे वहीत उतरवायचे.

मामा : वही मी देतो. आणि पावसाळ्याच्या तक्त्यासाठी ऑगस्टमध्ये ये, माझ्याबरोबर चाल. मिनिटं मोजायला घड्याळ आण.